घरात उंदीर शिरलाय, पण मारायचा नाहीये

गेल्या आषाढात आमच्या स्वयंपाकघरात पाच दिवसांत पाच उंदीर सापडले. निदान मला तसं वाटत होतं. रोज सकाळी पिंजरा उचलायचा, पार्किंगच्या मागच्या भिंतीपाशी न्यायचा, दार उघडायचं आणि हात झटकत वर यायचं. चौथ्या दिवशी मला शंका आली. उंदराची शेपटी जाळीतून बाहेर आली होती, तिच्या टोकाला मी नेलपॉलिशचा एक ठिपका लावला आणि नेहमीच्या जागी त्याला सोडलं. सहाव्या दिवशी सकाळी लाल शेपटीचा उंदीर पिंजऱ्यात निवांत बसून उरलेलं भजं खात होता. मी उंदीर पकडत नव्हते, त्याची खानावळ चालवत होते.

चूक पिंजऱ्याची नव्हती, क्रमाची होती. आपण बहुतेक जण आधी दुकानात जाऊन पिंजरा आणतो आणि उंदीर आला कुठून हे नंतर शोधतो, किंवा शोधतच नाही. उंदराला न मारता घराबाहेर काढायचं असेल तर ऐंशी टक्के काम पिंजऱ्याच्या आधीच करायचं असतं. म्हणून इथे पिंजरा बराच उशिरा येईल.

आधी पाहुणा ओळखा

स्वयंपाकघरातून काहीतरी पळालं की आपण त्याला उंदीर म्हणतो. पण आपल्याकडे घरात येणारे प्राणी निदान चार आहेत आणि चौघांचे उपाय वेगळे.

छोटा घरातला उंदीर वजनाने जेमतेम 12 ते 25 ग्रॅमचा. त्याच्या लेंड्या आंबेमोहोर तांदळाच्या दाण्याएवढ्या, काळ्या आणि टोकांना निमुळत्या असतात. मोठ्या उंदराच्या लेंड्या सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब, जाडसर. तो छपरावरून, पाइपावरून, केबलवरून येतो आणि फार संशयी असतो. घूस गटाराच्या चेंबरमधून किंवा जमीन पोखरून येते. ती आली तर पिंजऱ्याच्या नादी न लागता ड्रेनेज बघायचं.

चौथी चिचुंद्री. लांब सोंड, बारीक डोळे, भिंतीकडेने चिक्‌चिक् करत पळणं आणि मागे राहणारा तो उग्र वास. ही उंदराच्या कुळातली नाहीच. धान्याशी तिला देणंघेणं नसतं, ती झुरळं आणि किडे खाते. तिला काही तास जरी खायला मिळालं नाही तरी ती मरू शकते, म्हणून तिला पिंजऱ्यात रात्रभर ठेवू नका. बाहेरचं दार उघडा, घरातला दिवा बंद करा, भिंतीच्या कडेने वाट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा ती स्वतःच जाते. आणि ती येत असेल तर घरात झुरळं आहेत, हेही समजून घ्या.

या लेखात मी मुख्यतः छोट्या उंदराबद्दल लिहिते आहे.

रांगोळी घेऊन एक रात्र

उंदीर कुठून येतो हे कळायला दोन स्वस्त युक्त्या आहेत. झोपण्याआधी ओट्याखाली, फ्रिजमागे, मोरीच्या दाराशी आणि जिथे लेंड्या दिसल्यात तिथे भिंतीला लागून दगडाच्या रांगोळीची पातळ पट्टी पसरा. गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ नको, ते तो खाऊन टाकेल. सकाळी बारीक पावलं आणि मधोमध शेपटीची रेघ दिसते. उंदराला मोकळ्या जागेतून जायला आवडत नाही. तो भिंतीला अंग घासतच चालतो, त्यामुळे रोजच्या वाटेवर हळूहळू एक मळकट तेलकट पट्टा उमटतो. टॉर्च जमिनीला समांतर धरला की तो चटकन दिसतो.

दुसरी युक्ती वर्तमानपत्राच्या बोळ्याची. सापडेल त्या प्रत्येक भोकात कागदाचा बोळा सैलसर कोंबा. सकाळी जो बोळा ढकललेला किंवा कुरतडलेला दिसेल, ते भोक चालू आहे. आमच्याकडे नऊ भोकांपैकी दोनच चालू निघाली. त्यातलं एक पाइप गॅसची नळी घेताना पाडलेलं होतं आणि तीन वर्षं कुणाच्याही नजरेला आलं नव्हतं.

छोटा उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब फिरत नाही, चार-सहा मीटरचा परिसर त्याला पुरतो. म्हणजे लेंड्या फक्त स्वयंपाकघरात असतील तर त्याचं बिऱ्हाडही तिथेच कुठेतरी आहे. ट्रॉल्यांच्या मागे, फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या उबेला, वॉशिंग मशीनच्या पोटात किंवा माळ्यावरच्या गोधड्यांत.

खाणं बंद

या उंदराला दिवसाला तीन-चार ग्रॅम खाणं पुरतं. पाणी तर तो बरंचसं अन्नातूनच मिळवतो. त्यामुळे ‘आमच्याकडे काही उघडं नसतं’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. गॅसच्या शेगडीखाली सांडलेले पोह्यांचे चार दाणे म्हणजे त्याचं एक वेळचं जेवण.

धान्य, डाळी, शेंगदाणे, गूळ स्टीलच्या किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकचा डबा तो कुरतडतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची हौस नसून गरज आहे. कांदे-बटाटे टांगत्या टोपलीत. कुत्र्या-मांजराची वाटी रात्री उचलून ठेवायची. गॅलरीत पाखरांना दाणे टाकत असाल तर महिनाभर थांबा, किंवा टाकाल तेवढे संध्याकाळच्या आत झाडून घ्या. ओला कचरा रात्री झाकणाच्या डब्यात.

तीन जागा सगळे विसरतात. पहिली साबण. वड्या कुरतडलेल्या दिसल्या तर ते काम झुरळाचं नाही. दुसरी दिवाळीच्या फराळाचा माळ्यावर गेलेला रिकामा डबा, ज्याच्या तळाशी चकलीचा चुरा आहे. आणि तिसरी देवघर. नैवेद्याची साखर, निरांजनातलं तूप, समईतली वात या गोष्टी उंदराला फार प्रिय. जळती वात ओढून नेल्यामुळे आग लागल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. त्यातल्या किती खऱ्या हे सोडा, पण रात्री समई शांत करून तेल झाकून ठेवण्यात नुकसान काहीच नाही.

भोकं बुजवणं, म्हणजे खरं काम

छोट्या उंदराची कवटी जिथून जाते तिथून तो अख्खा जातो, आणि त्याला साधारण 6 मिलिमीटरची फट पुरते. सुताराच्या भाषेत दोन सूत. मापायला पेन्सिल घ्या. पेन्सिल आत जाते तिथे उंदीर जाऊ शकतो, असं समजा.

फ्लॅटमध्ये हमखास सापडणारी ठिकाणं ही: सिंकचा पाइप भिंतीत किंवा जमिनीत शिरतो ती जागा, गॅसच्या नळीचं भोक, एसीच्या तांब्याच्या पाइपाभोवतीची मोकळी जागा, एक्झॉस्ट फॅनच्या पाकळ्या, मोरीची तुटलेली जाळी, डक्टमध्ये उघडणारी न्हाणीघराची खिडकी, इंटरनेटच्या केबलसाठी कुणीतरी पाडलेलं आणि तसंच सोडलेलं भोक. आणि मुख्य दाराखालची फट. ही सगळ्यात मोठी, तरी शेवटी आठवणारी. हार्डवेअरच्या दुकानात दाराला खाली लावायची ब्रशची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मिळते. निव्वळ रबराची नको, रबर तो खातो. गावाकडे कौलारू घर असेल तर वासे भिंतीवर टेकतात त्या जागा आणि कौलांखालच्या फटी बघाव्या लागतात. तिथे काम एका दिवसाचं नाही, हे आधीच सांगते.

बुजवायचं कशाने? नुसतं प्लास्टर ऑफ पॅरिस, थर्मोकोल, कापड, स्प्रेचा फोम यांतलं काहीही टिकत नाही. आमच्याकडे एका कारागिराने फोम मारून दिला होता, आठवड्यात त्यात सुबक बोगदा झाला. टिकतं ते असं: भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी भोकात घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंट किंवा एम-सील लावायचं. तारेत दात अडकतात, तो पुढे जात नाही. घासणी गंजणाऱ्या लोखंडाची नको, स्टेनलेस स्टीलची घ्या. मोठ्या जागेला, म्हणजे खिडकी किंवा एक्झॉस्टला, पाव इंची वेल्ड जाळी स्क्रूने लावा. अर्धा इंची जाळी देऊन दुकानदार ‘चालतंय की’ म्हणेल. चालत नाही.

आता क्रम, कारण माझं घोडं इथेच पेंड खात होतं. सगळी भोकं एकदम बुजवू नका. उंदीर आत असताना बाहेरच्या सगळ्या वाटा बंद केल्या तर तो भिंतीत किंवा ट्रॉलीमागे उपाशी मरतो आणि पुढचे पंधरा दिवस वास तुम्हाला सांगतो कुठे मेला ते. चालू असलेलं एक भोक सोडून बाकी सगळी बुजवा. त्या एका भोकात रोज संध्याकाळी कागदाचा सैल बोळा ठेवा आणि आत रांगोळीची पट्टी टाका. खाणं मिळेनासं झालं की बरेच उंदीर आपण होऊन निघून जातात. सलग तीन सकाळी बोळा जागेवर आणि रांगोळी कोरी दिसली, तर शेवटचं भोक बुजवा. पिंजऱ्याची गरजच पडली नाही.

तरीही आत राहिला, तर पिंजरा

बाजारात मिळणारा नेहमीचा तारेचा पिंजरा मोठ्या उंदरासाठी केलेला असतो. त्याच्या तारांमधलं अंतर सेंटिमीटरभर असेल तर छोटा उंदीर खाऊन सरळ तारांमधून निघून जातो आणि आपण म्हणतो, हुशार आहे हं! घेताना पेन्सिल सोबत न्या. दार पडतं तिथे शेपटी किंवा पाय चेचला जाणार नाही ना, हे स्वतः दोनदा पाडून बघा. भोकांचे पत्र्याचे किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचे छोटे सापळेही मिळतात, छोट्या उंदराला ते बरे.

आमिष म्हणून चीज ठेवायचं हे कार्टूनमधलं. आपल्याकडचे उंदीर भजं, सुका बोंबील, शेंगदाण्याचा कूट गुळात कालवून, भाजलेलं खोबरं यांवर येतात. माझा अनुभव विचाराल तर सर्वांत खात्रीचं आमिष तुपात बुडवलेली फुलवात. तूप खायला आणि कापूस घरट्याला, त्याची दोन्ही कामं होतात. ती हुकाला दोऱ्याने बांधा, नाहीतर दार पडायच्या आत ती पळवली जाते.

पिंजरा खोलीच्या मध्यावर नको. भिंतीला लागून, रांगोळीत पावलं उमटली त्याच वाटेवर, दार वाटेच्या दिशेने ठेवा. एकापेक्षा दोन पिंजरे बरे. छोटा उंदीर नव्या वस्तूला फारसा बुजत नाही, पहिल्याच रात्री सापडतो. मोठा उंदीर बुजतो. त्याच्यासाठी दोन-तीन रात्री दार उघडं बांधून ठेवायचं, फुकट खाऊ द्यायचं आणि मग चाप लावायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘जिवंत पकडणारा’ पिंजरा हा आपोआप दयाळू होत नाही. एवढ्याशा जिवाला अन्नपाण्याशिवाय, उघड्यावर, घाबरलेल्या अवस्थेत बारा तास काढणं जड जातं. विसरलेल्या पिंजऱ्यात उंदीर मरतो, आणि ते मरण उंदीर मारायच्या स्प्रिंगच्या चापातल्या मरणापेक्षा वाईट असतं. म्हणून पिंजऱ्यात काकडीचा एक तुकडा पाण्यासाठी, थोडा कापूस किंवा फाडलेला कागद उबेसाठी ठेवा. झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा बघा. गावाला जाणार असाल तर पिंजरा मिटवून ठेवा. सापडल्यावर वर फडकं टाका, अंधारात तो शांत होतो. हात घालू नका, हातमोजे घाला, पोरांना जाळीत बोटं घालू देऊ नका.

कुठे सोडायचा

पुण्यात लोक उंदीर टेकडीवर नेऊन सोडतात. भावना चांगली असते. पण भिंतीत जन्मलेल्या, पीठ आणि पोळी खाऊन वाढलेल्या उंदराला टेकडीवर ना बीळ माहीत, ना खाणं. तिथे मुंगूस आहे, शिक्रा आहे, घुबड आहे. अशा उंदरांपैकी फार थोडे तग धरतात. दुसऱ्याच्या शेतात सोडणं तर शुद्ध अन्याय, तुमची पीडा शेतकऱ्याच्या पोत्यात. शेजारच्या सोसायटीच्या आवारात सोडणं किती सभ्य हे मी सांगायला नको.

त्यातल्या त्यात बरं काय? घर नीट बुजवून झालं असेल तर आपल्याच आवारात, कुंपणाच्या कडेला, पालापाचोळा किंवा विटांचा ढीग असेल तिथे, संध्याकाळी उजेड मावळल्यावर. परिसर त्याच्या ओळखीचा असतो, लपायला जागा असते. पिंजरा आडवा ठेवा, दार उघडा, मागे सरका, स्वतःहून निघू द्या. भर पावसात नको. आणि हो, तो परत यायचा प्रयत्न करेल. भोकं बुजवली आहेत ना, हे म्हणूनच आधी. लाल शेपटी आम्हाला त्यानंतर दोनदा खाली बागेत दिसली, वर मात्र आली नाही.

एक गोष्ट पाहून घ्या. पिंजऱ्यातल्या उंदराच्या पोटावर स्तन ठळक दिसत असतील, भोवतीचे केस झडलेले असतील, तर ती पाजती आई आहे. तिला बाहेर ठेवून दार बंद केलं तर पिल्लं आत मरतील. तिला पकडल्या जागीच सोडा आणि पिंजरा तीन आठवडे बंद ठेवा. पिल्लं साधारण 21 दिवसांत दूध सोडतात. तोवर खाण्याची शिस्त आणि भोकांचं काम चालू राहू द्या, फक्त तिच्या येण्याजाण्याची वाट सोडून. खण उघडल्यावर गुलाबी पिल्लांचं घरटं दिसलं तर खण पुन्हा तसाच लोटून ठेवा. बऱ्याचदा आई एका रात्रीत ती उचलून दुसरीकडे नेते. तीन आठवडे घरात उंदीर सांभाळायचे हे सगळ्यांना पटणार नाही. आमच्याकडेही दोन दिवस वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, बाळंतिणीला कोण घराबाहेर काढतं?’ आणि विषय संपला. पण एक मादी वर्षात अनेकदा विते, दर वेळी पाच-सहा पिल्लं होतात, आणि ती दीड-दोन महिन्यांत स्वतः वयात येतात. त्यामुळे ही सवलत एकदाच द्या.

जे करू नका

चिकट पुठ्ठा. हा स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि मला विचाराल तर सगळ्यात क्रूर आहे. उंदीर त्यावर लगेच मरत नाही. तासन् तास, कधी दिवसभर, कातडी ओढून काढत तो तडफडतो. पाल, चिमणी, सापाची पिल्लंही त्यात अडकतात. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2011 आणि पुन्हा 2020 साली राज्यांना या पुठ्ठ्यांविरुद्ध सूचना दिल्या आहेत आणि प्राण्यांना विनाकारण यातना देणं 1960 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. कुणी आणून ठेवलाच आणि त्यावर जिवंत जीव अडकला, तर पुठ्ठा कचऱ्यात टाकू नका. जाड हातमोजे घालून, चिकटलेल्या जागी गोडेतेल बोटाने हळूहळू चोळत एकेक पाय सोडवा. उरलेल्या चिकट भागावर कागद दाबा, म्हणजे तो पुन्हा चिकटणार नाही. अंगावरचं तेल फडक्याने टिपून तासभर खोक्यात कापसावर ठेवा, मग सोडा.

पिंजरा बादलीत बुडवणं. आपल्या पिढीने हे लहानपणी पाहिलंय, त्यामुळे ते साधं वाटतं. साधं नाही. ज्याला मारायचंच आहे, आणि कधीकधी ती वेळ येते, त्याने मजबूत स्प्रिंगचा चाप वापरावा. नीट लावलेला चाप मान किंवा डोकं एका क्षणात मोडतो. ढिल्या स्प्रिंगचा स्वस्त चाप मात्र अर्धवट काम करतो, तो नको.

विष. ब्रोमाडिओलोनसारख्या वड्या खाल्लेला उंदीर अंतर्गत रक्तस्राव होऊन दिवसेंदिवस मरतो, आणि तोवर सुस्त होऊन फिरत असतो. त्याला खाणारं गव्हाणी घुबड किंवा मांजरही विषाचं बळी ठरू शकतं. म्हणजे तुमच्यासाठी फुकट काम करणाऱ्यांनाच तुम्ही मारता. गावाकडे धामणीचंही तेच. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट तर घरात आणूच नका. त्या विषावर खात्रीचा उतारा नाही, आणि लहान मुलं असलेल्या घरात ती ट्यूब असणं हाच धोका आहे.

प्लगमध्ये लावायची आवाजाची यंत्रं दोन-चार दिवस परिणाम दाखवतात, मग उंदीर त्यांच्याच बाजूला बसून खातो. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जात नाही, त्यांचा वास तुम्हालाच बाधतो. मांजर पाळायचं असेल तर मांजर आवडतं म्हणून पाळा. उंदीर पकडण्याची तिची पद्धत दयाळू नसते.

साफसफाई

कोरड्या लेंड्या झाडूने झाडू नका, धूळ श्वासात जाते. खिडकी उघडा, मास्क आणि हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं थांबा, कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका, मग फरशी पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका. मूत्राचा वास राहिला तर नवा उंदीर त्याच वाटेने येतो, म्हणून भिंतीकडेचा तेलकट पट्टाही साबणाने घासा.

यात भीती बाळगण्यासारखं आहे, पण घाबरून जाण्यासारखं नाही. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबईत 26 जुलै 2005 च्या पुरानंतर त्याचे रुग्ण वाढले होते. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालणं हा त्यातला मोठा धोका. उंदीर चावला तर जखम साबण-पाण्याने चांगली धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तेच ठरवतील.

इमारतीचं काय?

तुमचा फ्लॅट कितीही बंद केलात तरी खाली चेंबरचं झाकण फुटलेलं असेल आणि डक्टमध्ये कचरा पडत असेल तर येणारे येतच राहतात. सोसायटीच्या बैठकीत ‘पेस्ट कंट्रोल करून घ्या’ एवढंच म्हणू नका. चेंबरची झाकणं, डक्टच्या तळाशी जाळी, पाइपांभोवतीची भोकं अशी यादी द्या. कंत्राटदाराला आधी विचारा काय वापरणार ते. चिकट पुठ्ठा किंवा विषाच्या वड्या म्हणाला तर आधी भोकं बुजवण्याचं बोला, त्याला ते येत नसेल तर गवंडी बोलवा. आमच्या इमारतीत त्या गवंड्याचा अर्धा दिवस गेला आणि सिमेंटचं अर्धं पोतं.

हे काम दर वर्षी एकदा बघावं लागतं, मृगाच्या आधी. पाऊस पडला की बाहेरची बिळं भरतात आणि सगळे कोरडी जागा शोधतात. मेअखेरीस एका रविवारी मी टॉर्च, पेन्सिल आणि दोन घासण्या घेऊन ओट्याखाली शिरते. या वर्षी वॉटर प्युरिफायर बसवायला आलेल्या माणसाने पाडलेलं एक नवं भोक सापडलं. बरोबर दोन सूत.